खारपाणपट्टा आणि आर्टेमिया : खाद्य तशी वाढ

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला विहिरीच्या पाण्याचे सुख नाही. दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतून पुढे बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव, संग्रामपूरपर्यंत पसरलेला खारपाणपट्टा साडेचार लाख हेक्टरांहून मोठा आहे. येथील भूगर्भातील पाण्यात सोडियमचे क्षार आणि बायकार्बोनेट जास्त. हे पाणी पिकाला दिले की काळी चिकण जमीन चोपण होते, निचरा आणखी मंदावतो आणि पुढच्या हंगामात त्याच वावरात वखरसुद्धा नीट चालत नाही. म्हणून येथील शेती पावसावरच राहिली. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातील ९३२ गावे घेण्यात आली. शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी साठवण्याचा मार्ग काही शेतकऱ्यांना मिळाला. परंतु विहिरीतले खारे पाणी आहे तिथेच आहे आणि ते पाहून शेतकरी विचारतो, "या पाण्यात दुसरे काही पिकत नसेल तर निदान काही पाळता येईल का?"

अशा वेळी कोळंबीचे नाव निघते आणि तिच्या पाठोपाठ आर्टेमियाचे. आर्टेमिया म्हणजे मिठागराच्या पाण्यात राहणारा, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा जीव. त्याची पिल्ले मासे व कोळंबीच्या नवजात पिल्लांना जिवंत खाद्य म्हणून देतात. १९३० च्या दशकात हा उपयोग लक्षात आला आणि आज जगभरच्या कोळंबी बीज केंद्रांचे काम त्याच्यावर चालते. आपल्या राज्यातही मुंबईच्या मिठागरांतून १९५३ साली त्याची नोंद झालेली आहे. हा जीव पाळायचा झाल्यास त्याला काय खाऊ घालावे आणि खाद्य बदलल्याने त्याच्या वाढीत काय फरक पडतो, हे या लेखात सांगायचे आहे. पण त्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे.

खारे पाणी म्हणजे मिठागराचे पाणी नव्हे

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्या खारपाणपट्ट्यातील बहुतेक विहिरींत हे प्रमाण लिटरला काही थोडे ग्रॅम इतकेच असते. कपाशीला मारक ठरण्यास तेवढे पुरते, पण आर्टेमियाला उघड्या तळ्यात सांभाळण्यास ते फारच कमी पडते. या जीवाजवळ नांगी नाही, कवच नाही, पळण्याची चपळाईही नाही. मासे आणि पाणकिडे त्याला सहज फस्त करतात. निसर्गात तो टिकतो तो शत्रूला जगता येत नाही अशा तीव्र खाऱ्या पाण्यात राहून. तळ्यात त्याची शेती करताना पाण्याची क्षारता लिटरला ८० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक ठेवावी लागते. व्हिएतनाममधील विन्ह चाऊ येथे मिठागरांतच त्याचे उत्पादन घेतात, ते याच कारणाने.

तेव्हा दर्यापूरच्या शेततळ्यात विहिरीचे पाणी भरून आर्टेमिया सोडण्याच्या फंदात कोणीही पडू नये. आपल्याकडे जे शक्य आहे ते सावलीतील टाक्यात, पाण्यात मीठ घालून, लहान प्रमाणावर. टाक्यात शत्रू नसल्याने समुद्राइतकी, म्हणजे लिटरला ३० ते ३५ ग्रॅम क्षारता चालते. मात्र टाक्यात त्याला आपोआप मिळणारे काहीच नसते. मिठागरात तो पाण्यातील शेवाळ गाळून खातो, टाक्यात त्याच्या तोंडी जाणारा प्रत्येक कण आपणच द्यायचा असतो. म्हणून टाक्यातील आर्टेमिया पालनात यश आणि अपयश दोन्ही खाद्यावर ठरतात.

तो खातो कसा?

आर्टेमियाची सुकलेली अंडी डब्यात मिळतात. मोहरीच्या दाण्यापेक्षाही कितीतरी बारीक, तपकिरी भुकटीसारखी ती दिसतात. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम अंड्यांतून दोन ते तीन लाख पिल्ले निघतात. २६ ते २८ अंश तापमान, खारे पाणी, भरपूर हवा आणि उजेड मिळाला की सुमारे २४ तासांत अंडी फुटतात. बाहेर पडलेले पिल्लू नारिंगी रंगाचे आणि अर्ध्या मिलिमीटरहून लहान असते. पहिले काही तास ते काहीही खात नाही, कारण त्याचे तोंडच उघडलेले नसते. अंगातील बलकावर ते जगते. सुमारे आठ तासांनी पहिली कात टाकल्यावर खाणे सुरू होते. त्याआधी टाकलेले खाद्य फक्त पाणी नासवते.

एकदा खाणे सुरू झाले की ते थांबत नाही. पायांच्या सततच्या हालचालीने पाणी ओढून त्यातील कण गाळून तो तोंडाकडे नेतो. कण चांगला की वाईट याची निवड त्याला करता येत नाही, फक्त आकार पाहिला जातो. एक ते पन्नास मायक्रॉनपर्यंतचा कण तो गिळतो, त्याहून मोठा त्याच्या कामाचा नाही. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० ते ८० मायक्रॉन जाड असतो, यावरून काय बारीक पीठ लागते याची कल्पना करावी. गिरणीतून आणलेले बेसन हाताला कितीही मऊ लागले तरी त्यातील बराच भाग आर्टेमियाच्या दृष्टीने धोंडेच असतात. ते तळाशी बसतात, कुजतात आणि पाण्यातील प्राणवायू खातात. अनेकांचे टाके चौथ्या-पाचव्या दिवशी बसते ते भुकेने नव्हे, तर अशा न खाल्लेल्या खाद्याने.

खाद्य योग्य असेल तर वाढ थक्क करणारी असते. उत्तम परिस्थितीत हा जीव आठ दिवसांत प्रौढ होतो. आपल्यासारख्या साध्या सोयीत दोन ते तीन आठवडे धरावेत. तेवढ्यात त्याची लांबी सुमारे वीसपट आणि वजन सुमारे पाचशेपट होते. पुढे मादी दर चार दिवसांनी, चांगले खाणे मिळाल्यास, तीनशेपर्यंत पिल्ले किंवा अंडी देते.

कोणत्या खाद्याने काय होते?

सर्वांत चांगली वाढ होते ती एकपेशीय शेवाळाच्या हिरव्या पाण्यावर. ड्युनालिएला, टेट्रासेल्मिस, किटोसेरॉस ही खाऱ्या पाण्यातील शेवाळे त्याचे खरे अन्न. कण योग्य आकाराचा, पाण्यात तरंगणारा, जिवंत असल्याने न कुजणारा, शिवाय पचायला सोपा. अडचण एवढीच की शेवाळाचे शुद्ध विरजण प्रयोगशाळेतून आणावे लागते आणि ते वाढवण्यासाठी वेगळे टाके, ऊन व खत लागते. शेततळ्यात आपोआप येणारा हिरवा रंग म्हणजे हेच शेवाळ असे समजू नये. गोड्या पाण्यात पुष्कळदा दिसणाऱ्या क्लोरेला शेवाळाची पेशीभित्तिका जाड असते, आर्टेमिया ती गिळतो पण नीट पचवू शकत नाही. पोट हिरवे दिसते आणि अंग वाढत नाही.

स्पिरुलिनाची भुकटी हा शेवाळाच्या खालोखालचा पर्याय. वऱ्हाडाला हे नाव नवे नाही. लोणार सरोवराच्या अल्कधर्मी पाण्यात स्पिरुलिना निसर्गतःच वाढते. अर्थात लोणार हे अभयारण्य आहे, तेथून काही आणण्याचा प्रश्नच नाही. बाजारात तयार भुकटी मिळते. ती महाग असते, पण लागते चिमटीने. पिल्ले अगदी लहान असतानाच्या पहिल्या चार-पाच दिवसांसाठी तरी ती घ्यावी, असे आमचे मत आहे. त्या दिवसांत केलेली काटकसर पुढे मरतुकीच्या रूपाने वसूल होते.

तांदळाचा कोंडा हा जगभर वापरला जाणारा स्वस्त पर्याय आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत भात फारसा नाही, पण भंडारा-गोंदियाकडील गिरण्यांचा कोंडा पशुखाद्याच्या दुकानांतून मिळू शकतो. कोंडा ताजा घ्यावा. त्यात तेल असल्याने तो लवकर खवट होतो आणि खवट कोंड्याने वाढ खुंटते. कोंडा मिठाच्या पाण्यात भिजवून मिक्सरमधून बारीक करावा, अगदी दाट विणीच्या नायलॉन कापडातून गाळावा आणि गाळलेले पाणी काही वेळ स्थिर ठेवावे. बारीक कण खाली बसले की वरचे गढूळ पाणी फेकून द्यावे व नवे मिठाचे पाणी घालावे. ही कृती पुष्कळ जण टाळतात. परंतु त्या वरच्या पाण्यात विरघळलेली प्रथिने व साखर असते. विरघळलेला पदार्थ आर्टेमियाला गाळता येत नाही, त्याच्यावर फक्त जिवाणू पोसतात. अशा रीतीने तयार केलेल्या कोंड्यावर वाढ शेवाळापेक्षा मंद होते, पण होते, आणि प्रौढ जनावर चांगले निघते.

बेकरीत वापरतात ते यीस्ट सर्वांना सुचते, कारण त्याचा कण नेमका हवा त्या आकाराचा असतो आणि ते कोणत्याही गावात मिळते. येथेच पुष्कळांची फसगत होते. यीस्टच्या पेशीचे बाहेरचे आवरण चिवट असते. आर्टेमियाचे पोट यीस्टने गच्च भरलेले दिसते, पण त्यातले थोडेच अंगी लागते. नुसत्या यीस्टवर ठेवलेली पिल्ले लहान-मोठी, विसंगत वाढीची होतात. यीस्टला जोडखाद्य म्हणून जागा द्यावी, मुख्य खाद्य करू नये.

आता आपल्या घरचे पदार्थ पाहू. सोयाबीनमध्ये प्रथिने भरपूर, पण कच्च्या दाण्यात पचनात अडथळा आणणारा घटक असतो, म्हणून दाणा उकडून किंवा भाजूनच वापरावा. त्यातही विरघळणारी प्रथिने पुष्कळ असल्याने टाक्यावर फेस येतो. कोंड्याप्रमाणेच वरचे पाणी फेकल्याशिवाय सोयाबीन देऊ नये. अकोल्यातील डाळ मिलमधून तुरीची व हरभऱ्याची चुनी स्वस्तात मिळते. तीही याच पद्धतीने तयार करून कोंड्यात मिसळता येईल, मात्र चुनीत टरफल व पिष्ट अधिक असल्याने एकट्या चुनीवर विसंबू नये. सरकीची ढेप मात्र वर्ज्य समजावी. दुभत्या जनावराला ती मानवते, पण सरकीतील गॉसिपॉल हा विषारी घटक इतर अनेक प्राण्यांना बाधतो आणि एवढ्याशा जीवावर तो प्रयोग करण्यात अर्थ नाही.

कीटकनाशकांबद्दल तर विशेष सांगणे आहे. आर्टेमिया विषाला इतका हळवा आहे की एखादा पदार्थ विषारी आहे का हे तपासण्यासाठी प्रयोगशाळांतून त्याचा उपयोग करतात. फवारणीची बादली, पंपाची नळी, फवारलेल्या वावरातून आलेला हात, यांपैकी काहीही टाक्याजवळ येता कामा नये.

लांबी सारखी, कस वेगळा

येथपर्यंत वाढ म्हणजे लांबी असे धरून आपण बोललो. परंतु आर्टेमिया आपण स्वतःसाठी पाळत नाही, तो दुसऱ्याच्या पिल्लाला खाऊ घालण्यासाठी पाळतो. तेव्हा त्याच्या अंगात काय भरले आहे याला लांबीइतकेच महत्त्व आहे. कोरड्या वजनात प्रौढ आर्टेमियात ५६ टक्क्यांच्या आसपास आणि नवजात पिल्लात ५२ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. स्निग्धांश उलट, पिल्लात सुमारे १९ टक्के तर प्रौढात १२ टक्के. हा स्निग्धांश कोणत्या प्रकारचा, हे मात्र त्याने काय खाल्ले यावर पुष्कळसे ठरते. शेवाळावरचा आणि कोंड्यावरचा असे दोन सारख्याच लांबीचे आर्टेमिया शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक दिसणार नाही. ते खाणाऱ्या माशाच्या पिल्लाला मात्र तो जाणवतो.

समुद्री माशांच्या व कोळंबीच्या पिल्लांना लांब साखळीची काही स्निग्धाम्ले लागतात आणि त्यांपैकी एक, डीएचए, आर्टेमियात जवळजवळ नसतेच. म्हणून बीज केंद्रांत त्याला पिल्लांना देण्याआधी १२ ते २४ तास माशाच्या तेलाच्या दुधाळ मिश्रणात ठेवतात. तो गाळून खातो म्हणून हे जमते. पोटात भराल ते घेऊन तो पुढे जातो. आपल्याकडे प्रश्न बहुधा गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांचा. त्यांना या तेलाची तेवढी निकड नाही. त्यांची गरज बऱ्याच अंशी लिनोलेनिक आम्लावर भागते, आणि ते जवसाच्या तेलात भरपूर असते. अंड्याच्या बलकात तेलाचे चार थेंब मिक्सरमध्ये पांढरे होईपर्यंत घुसळून, वापरण्याच्या आदल्या रात्री अगदी थोडे दिले तरी पुरते. जास्त दिल्यास सकाळी टाक्यावर तवंग आणि तळाशी मेलेले आर्टेमिया दिसतील.

चार बादल्यांचा प्रयोग

खाद्यावर पैसे घालण्यापूर्वी स्वतः पडताळा घ्यावा. सारख्या मापाच्या चार पांढऱ्या बादल्या घ्या. शंभर लिटर पाण्यासाठी जाडे मीठ ३ किलो, मॅग्नेशियम सल्फेट पाऊण किलो, पांढरे पोटॅश ८० ते १०० ग्रॅम आणि खाण्याचा सोडा २०० ग्रॅम या हिशेबाने पाणी तयार करा. मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे कपाशीच्या लाल्यावर आपण फवारतो तेच. लाल पोटॅश टाळावे. विहिरीचे खारे पाणी वापरणार असाल तर प्रथम ते तपासून घ्या. त्यात सोड्याचा अंश आधीच असल्याने वरून घालायचा सोडा कमी करावा लागेल. जमिनीतील खाऱ्या पाण्यात पोटॅश मात्र बहुधा अपुरे असते, ते सोडू नये. पोटॅशविना कोळंबी मरते हा उत्तर भारतात खाऱ्या भूजलावर कोळंबी पाळताना आलेला अनुभव आहे.

चारही बादल्यांत एकाच दिवशी निघालेली पिल्ले सारख्या संख्येने सोडा. लिटरला पाचशेहून अधिक नकोत. तज्ज्ञ लोक हजारोंनी ठेवतात, पण त्यांच्याजवळ पाणी गाळण्याची यंत्रणा असते. पहिल्या बादलीत स्पिरुलिना, दुसरीत तयार केलेला कोंडा, तिसरीत नुसते यीस्ट आणि चौथीत कोंडा व सोयाबीन निम्मे-निम्मे द्या. खाद्य दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे. किती द्यावे याचे माप पाण्याच्या रंगात आहे. काठीच्या टोकाला पांढरी चकती लावून ती पाण्यात सोडा. पहिल्या आठवड्यात चकती १५ ते २० सेंटिमीटर खोलीवर दिसेनाशी व्हावी, नंतर २० ते २५ वर. याहून खोलवर दिसली तर खाद्य कमी पडते, त्याआधीच दिसेनाशी झाली तर थांबावे.

पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या दिवशी प्रत्येक बादलीतून वीस आर्टेमिया काचेवर घ्या, काचेखाली आलेख कागद ठेवा आणि लांबी मोजून वहीत लिहा. किती जगले तेही चहाच्या कपाने पाणी घेऊन मोजा. नुसती सरासरी पाहू नका. वीसपैकी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांतील अंतर लिहून ठेवा, कारण हे अंतर वाढणे ही खाद्य न मानवल्याची पहिली खूण असते. रंगाकडेही लक्ष असू द्या. पोट सलग भरलेले दिसले पाहिजे. सगळे अंग लाल होऊ लागले तर ते आरोग्य समजू नका. पाण्यात प्राणवायू कमी पडला की आर्टेमिया रक्तातील लाल द्रव्य वाढवतो.

हा प्रयोग ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करावा. थंडीच्या रात्री बादल्या घरात ठेवाव्यात. त्याला २५ ते ३० अंश तापमान मानवते, अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याखालचे टाके ते कधीच ओलांडते. हवेचा पंप वीज गेल्यावर बंद पडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एक जवळ असावा. भारनियमनाच्या एका रात्रीत पंधरा दिवसांचे काम संपते.

विकणार कोणाला?

अंडी बहुतांशी परदेशातून, मुख्यतः अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेक येथून येतात व महाग पडतात. गिऱ्हाईक दोनच प्रकारचे : शोभिवंत मासे पाळणारे व विकणारे, आणि जंबो कोळंबीचे बीज करणारे. कटला, रोहू, मृगळाच्या बीजासाठी आर्टेमियाची गरज नाही. त्यांच्या पिल्लांना शेण व सुपर फॉस्फेट देऊन तयार केलेल्या तळ्यातील सूक्ष्म जीव पुरतात. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासच जगतो, म्हणून जिवंत माल घेणाऱ्याजवळ लगेच खपला पाहिजे. अमरावती, अकोला किंवा नागपूर येथील दोन-तीन दुकानदारांशी आधी बोलून, आठवड्याला किती माल घेणार ते ठरवूनच टाके वाढवावे. अंडी, टाकी आणि "सगळा माल आम्हीच परत घेऊ" असा करार एकाच हाताने कोणी देऊ लागला तर इमूपालनाची आठवण ठेवावी. त्या पक्ष्यांचे पुढे काय झाले हे महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांना ठाऊक आहे.

गिऱ्हाईक मिळत नसेल तर हीच हातोटी मॉइना या गोड्या पाण्यातील पिसूवर वापरता येते. तीही कण गाळून खाते, शेततळ्याच्या पाण्यात वाढते आणि तिला मीठ लागत नाही.

टाक्यातील पाणी काढताना ते बांधावर, परसात किंवा नालीत ओतू नये. शंभर लिटरमध्ये तीन किलो मीठ आहे आणि आपली जमीन आधीच सोडियमने बेजार आहे. कपड्यातून गाळून, दोन दिवस स्थिर ठेवून तेच पाणी पुन्हा वापरावे. अगदी निरुपयोगी झाले तर जाड प्लास्टिकवर उन्हात आटवून मीठ खरवडून घ्यावे. वऱ्हाडच्या उन्हाचा तेवढा उपयोग होतो.